आवडाबाईंच्या नावाच्या बत्तीस माळा

बुधवारी सकाळी सातच्या सुमाराला नीराबाई गुप्त्यांच्या दारात जी बाई येऊन उभी राहिली, तिच्या हातात पांढऱ्या कांद्यांची एक माळ होती. मेलेली घूस धरावी तशी तिने ती अंगापासून लांब धरली होती.

"हा कांदा आमचा न्हाय," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "पण चिठ्ठी आमची हाय."

सिराजुद्दीन मुकादम मास्तर तेव्हा दुसरा चहा संपवत होते. गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांचा सकाळचा फेरफटका रोज अलिबागच्या किनाऱ्यावर सुरू होऊन नीराबाईंच्या स्वयंपाकघरात संपायचा. नीराबाईंनी इथल्या कोर्टात तीस वर्षं साक्षी टिपून घेतल्या होत्या. नोकरी संपल्यावर त्यांनी दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी लावली, आणि मास्तरांनी स्वतःच स्वतःची मदतनीस म्हणून नेमणूक करून टाकली. त्या नेमणुकीला कोणी हरकत घेतली नाही, एवढंच.

"आत या, आनंदीबाई," नीराबाई म्हणाल्या. "तुमचा फोटो पेपरात पाहिलाय. कातळपाड्याच्या कांदेवाल्या बायकांच्या अध्यक्ष ना तुम्ही?"

आनंदीबाई बसल्या. चहा नको म्हणाल्या, मग घेतला.

गोष्ट अशी होती. कातळपाड्यातल्या सोळा बायकांची संस्था आणि मुंबईची 'खूणगाठ' नावाची कंपनी यांनी या हंगामात भागीदारी केली होती. बायकांनी कांदा पिकवायचा, माळा विणायच्या. कंपनीने त्या मुंबईच्या मोठ्या हॉटेलांना पोचवायच्या. प्रत्येक माळेत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर विणणारीचं नाव आणि चौकोनी कोड. गिऱ्हाइकाने फोन धरला की कांदा कुणाच्या शेतातला, कुणी विणला, कधी विणला, सगळं दिसायचं.

"माळ झाली की बाई आपल्या खळ्यावर, आपल्या फोनवर, आपला अंगठा लावून नोंद करते," आनंदीबाई म्हणाल्या. "खळं सोडून दुसरीकडे नोंद होतच न्हाय. दर शनिवारी दोनशे माळा जातात. पाच आठवडे सुरळीत चाललं. आता हे."

गेल्या शनिवारच्या मालातल्या बत्तीस माळा हॉटेलांनी परत पाठवल्या, त्या बाहेरच्या कांद्याच्या निघाल्या होत्या. बत्तीसही चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं: आवडाबाई. आज चार वाजता कंपनीचे मालक सलिल दांडेकर मुंबईहून येणार होते. संस्थेने आवडाबाईंचं नाव काढून टाकायचं आणि तसं सगळ्या गिऱ्हाइकांना कळवायचं, नाहीतर कंपनी सोळाही जणींशी करार मोडणार.

मास्तरांनी माळेतला एक कांदा तोडून दाताने चावला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. अलिबागचा पांढरा कांदा चण्यांबरोबर नुसता खातात. हा खाऊन माणूस रडला असता, आणि मास्तर रडतच होते.

आनंदीबाईंनी कंपनीने पाठवलेला कागद पुढे केला. मास्तरांनी डोळे पुसून तो वाचला. "शुक्रवार. दुपारी दोन दहा ते दोन पस्तीस. बत्तीस नोंदी. ठिकाण, आवडाबाईंचं खळं. अंगठा, जुळला." त्यांनी कागद खाली ठेवला. "बाई, यात राहिलंच काय? माणूस खोटं बोलेल, यंत्र कशाला बोलेल?"

"यंत्र खोटं बोलत नाही, मास्तर. जेवढं विचारलं तेवढंच सांगतं. कोर्टात असले साक्षीदार मी ढिगाने पाहिलेत." नीराबाई माळ उलटसुलट करून बघत होत्या. चिठ्ठीचा दोरा वेणीवरून दोन वेढे घेऊन बाहेर गाठ मारलेला होता. "शुक्रवारी दुपारी तुम्ही कुठे होतात, आनंदीबाई?"

"मी न तुकाराम, आमच्या शेडवरचा माणूस, हितंच अलिबागला महिला मेळाव्याला. बाराला आलो, चारला भाषणं संपली."

"आणि आवडाबाई?"

"घरी निजली होती म्हणते. एकटीच असते. कोण साक्ष देणार?"

आनंदीबाई अदनानच्या टेम्पोतून आल्या होत्या. हाच टेम्पो दर शनिवारी माळा घेऊन जायचा. पुढे दोघी बायका बसल्या आणि मास्तर मागे रिकाम्या खोक्यांत. केबिनच्या मागची काच फुटलेली होती, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं आणि धूळही मिळत होती.

"शनिवारी कसं कसं नेलंस, सांग बाबा," नीराबाईंनी विचारलं.

"नेहमीसारखंच, खाला," अदनान म्हणाला. "सकाळी शेडवर भरलं. मग किहीमला कंपनीच्या ऑफिसवर. तिथं निवेदिता मॅडम सगळं तपासून फोनमध्ये चढवतात. तोवर मी टपरीवर चाय मारतो. मग सीधा मांडवा, पहिली रो-रो बोट, भाऊचा धक्का. पंचवीस खोके उतरवले, पावती आहे माझ्याकडे."

"आणि शुक्रवारी दुपारी?"

"तेव्हा तो माझ्याबरोबर होता," मागून मास्तर ओरडले. "जुम्म्याची नमाज झाली, मग आमच्याकडे जेवला. माझ्या बायकोने, कुलसुमने, तीनदा भात वाढला. तीन वाजेपर्यंत हलला नाही."

"भात चांगला होता, चाचा," अदनान म्हणाला.

मास्तरांनी मनातल्या मनात एक नाव खोडलं. हे काम त्यांना झकास जमायचं.

कातळपाड्याला पोचले तेव्हा साडेआठ वाजत आले होते. आवडाबाईंचं खळं म्हणजे घरामागची सारवलेली जागा, वर चार बांबूंचा मांडव. सत्तरीची, काटकुळी म्हातारी कांद्यांच्या ढिगापुढे बसून माळ विणत होती. फोन मांडवाच्या खांबाला टांगलेल्या डब्यात होता.

"नोंद बंद केली माझी," ती वर न बघता म्हणाली. "सोमवारपासनं. पण कांदा तर बांधायला हवा. तो काय थांबतो?"

मास्तर तिच्या हातांकडे बघत राहिले. कांद्याच्या पातीचे तीन पेड, एकेक कांदा जोडत जाणारी वेणी. तिसऱ्या कांद्याशी ती थांबली, एक रिकामा दोरा पेडाखाली घातला आणि पुढे विणू लागली. चिठ्ठी नव्हती, पण तिची जागा ठेवली होती. सगळं डाव्या हाताने चाललं होतं. उजवा हात नुसता धरायला.

"भराभर उरका, आवडाबाई, ऊन आलं," आनंदीबाई म्हणाल्या.

"व्हय. आता पात करकरायला लागंल." म्हातारीने शेवटची गाठ मारली. "दव हाय तवर पात मऊ असते. ऊन चढलं की हात लावला तरी तुटते. मागल्या आठवड्यात तर दवच पडलं न्हाय, बाई. चार दिवस उगवतीचा कोरडा वारा. मी पाण्याचं फडकं टाकून कशाबशा सात इणल्या."

"चिठ्ठ्या किती मिळतात तुम्हांला?"

"सोमवारी एक पट्टी. ईस चिठ्ठ्या. उरल्या त्या डब्यात हायेत मागल्या आठवड्याच्या."

नीराबाईंनी डब्यातून पट्टी काढली आणि मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी मोजली. तेरा.

"नोंद रोज तुम्हीच करता ना?"

आवडाबाईंनी आनंदीबाईंकडे पाहिलं. आनंदीबाईच म्हणाल्या, "तिच्याच फोनवरनं होते."

नीराबाईंनी पुढे विचारलं नाही. त्या चष्मा पदराने पुसत बसल्या. मास्तरांना वाटलं, बाईंना प्रश्न सुचत नसावा, म्हणून त्यांनी मदत केली. "आजी, फोन-बिन वापरायला अवघड नाही जात? माझ्या बहिणीचं रेशनच्या दुकानात फार अडतं."

"रेशनला माझाबी अंगठा कधी लागला न्हाय," म्हातारी म्हणाली. "डोळा दावते तिथं यंत्राला. पन्नास वर्सं इळा न मीठ न माती. अंगठ्यावर काय राहिलंय आता?"

मग ती उठली आणि आत जाऊन देव्हाऱ्यातून एक चिठ्ठी घेऊन आली. पहिल्या दिवशीची, हळदीचं बोट लागलेली.

"जमीन सासऱ्याच्या नावावर, मग दिराच्या. घरपट्टी पोराच्या. माझं नाव पहिल्यांदा छापलं ते ह्याच्यावर. मुंबईत लोक वाचतात म्हणे." तिने चिठ्ठी साडीच्या टोकात बांधली. "आता तेच लोक काय वाचतील, सांगा."

मास्तरांनी तेरा चिठ्ठ्यांची पट्टी डब्यात परत ठेवली. यंत्रावरचा विश्वास जागच्या जागी होता, पण त्याचा त्यांना आज पहिल्यांदाच राग आला.

शेडवर तुकाराम खोक्यांना दोरी मारत होता. पन्नाशीचा, बोलायला उत्सुक माणूस. त्याने विचारायच्या आधीच मेळाव्याचा फोटो दाखवला. मंचावर आनंदीबाई, मागे टोपी घालून तो स्वतः.

"मी फोनबिन लावत न्हाय कशाला," तो म्हणाला. "बायका माळा आणतात, मी वजन बघतो, आठ-आठ माळा खोक्यात भरतो, फळ्यावर मांडतो. शुक्रवारी सकाळी दहालाच सगळं बंद करून कुलूप घातलं न मेळाव्याला गेलो."

भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: शुक्रवार, एकवीस खोके. मास्तरांना अक्षर आवडलं. फळ्यावरचं चांगलं अक्षर हल्ली दिसत नाही, असं ते म्हणालेही.

"चावी कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक आनंदीबाईंकडे."

किहीमला कंपनीचं कार्यालय म्हणजे नारळाच्या वाडीतलं भाड्याचं छोटं कॉटेज. निवेदिता देशमुख तिथे एकटीच होती. अठ्ठावीस-तीस वर्षांची, डोळ्यांखाली काळं आलेली मुलगी. टेबलावर चिठ्ठ्या छापायचं यंत्र, मागे भिंतीवर तक्ता. सहा आठवडे, सहा हिरवे चौकोन, प्रत्येकात 'दोनशे पैकी दोनशे'.

"आवडाबाईंबद्दल मला खरंच वाईट वाटतं, मॅडम," ती म्हणाली. "पण डेटा स्पष्ट आहे. मी काय करू?"

"चिठ्ठ्या इथेच छापतात?"

"हो, इथेच. मुंबईहून कोणी छापू शकत नाही. तसा नियमच केलाय सलिल सरांनी."

"फोन बायकांना कुणी लावून दिले?"

"मीच. पहिल्याच दिवशी सोळाच्या सोळा चालू झाले."

"अंगठे नोंदवताना कुणाचं अडलं नाही?"

"नाही." निवेदिताने तक्त्याकडे पाहिलं. "एकीचंही नाही."

"शुक्रवारी दुपारी तुम्ही?"

"इथेच होते. दिवसभर."

"तक्ता छान आहे," नीराबाई म्हणाल्या. "एकदाही खंड नाही."

"खंड पडून चालत नाही, मॅडम. हॉटेलवाले पहिल्या हंगामात तेवढंच बघतात. एक आठवडा कमी पडलं, तर पुढच्या वर्षी कोण आपल्याला विचारणार?"

बाहेर आल्यावर मास्तरांनी आपलं अनुमान सांगितलं. शेडची दुसरी चावी आनंदीबाईंकडे होती आणि बोलताना त्यांची नजर चुकत होती. "मला बोलवत नाही बाई, पण आपल्याला बोलावणारीच..."

"नजर चुकते, हे तुम्हांला दिसलं. वा." नीराबाई खरंच खूश झालेल्या दिसल्या. "कशावरून चुकते, ते चारला विचारू. अदनानला म्हणावं, पावती घेऊन ये."

चार वाजता शेडमध्ये सतरंज्या पसरल्या होत्या. सोळा बायका एका बाजूला, कंपनीची माणसं खुर्च्यांवर. सलिल दांडेकर चाळिशीचा, नीटनेटका, चेहऱ्यावरून त्रासलेला. कातळपाड्याला तो आज पहिल्यांदाच येत होता आणि रस्ता विचारत विचारत आला होता. आवडाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, साडीच्या टोकातली गाठ मुठीत धरून.

"मला हे आवडत नाही," सलिल म्हणाला. "पण आमचा सगळा धंदा त्या चिठ्ठीवरच्या विश्वासावर आहे. अंगठा त्यांचा, खळं त्यांचं, फोन त्यांचा. मी दुसरं काय समजू?"

"मी सांगते," नीराबाई म्हणाल्या. त्यांनी सकाळची ती माळ आणि आवडाबाईंनी सकाळी विणलेली माळ शेजारी शेजारी ठेवल्या. "आधी विणलेलं बघा. आवडाबाई डावखुऱ्या आहेत. त्यांच्या वेणीचा पेड डावीकडून वर चढतो. या दुसऱ्या माळेचा उजवीकडून. त्यांची चिठ्ठी विणतानाच पेडाखाली जाते. ही वरून बांधलीय. माळ आधी झाली, चिठ्ठी नंतर लागली."

"म्हणजे त्यांनी बाहेरून तयार माळा आणल्या," सलिल म्हणाला. "महामार्गावर मिळतात तशा."

"बरोबर. तुमच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण मग त्यांना चिठ्ठ्या लागतील. आठवड्याला वीस मिळतात. त्या आठवड्यात सात विणल्या. उरलेल्या तेरा मास्तरांनी स्वतः मोजल्यात. सात आणि तेरा वीस. मग या बत्तीस कुठून आल्या? चिठ्ठ्या छापायचं यंत्र एकच, किहीमला."

मास्तर खाली बघू लागले. ही बेरीज त्यांनी सकाळी केली होती. फक्त पुढे नेली नव्हती.

"आता मास्तर, तुमचा विषय. फळ्यावर काय आहे?"

"एकवीस खोके."

"अदनान, मुंबईत किती उतरवलेस?"

"पंचवीस, खाला." त्याने पावती दाखवली आणि दाखवता दाखवता स्वतःच थबकला. "शेडवर मी मोजलेच नाहीत. तुकाराम चाचाने भरून दिले."

"चार खोके वाढले. खोक्यात आठ माळा." नीराबाई थांबल्या.

"बत्तीस," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक आला. "या खुदा. शेड आणि धक्का यांच्यामध्ये वाढले."

"शेड आणि धक्का यांच्यामध्ये टेम्पो एकदाच थांबतो. अदनान टपरीवर चहा पितो तेव्हा."

कोणी निवेदिताकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी जाणूनबुजून इकडेतिकडे पाहिलं. सलिलच बोलला, पण शांतपणे. "पण नोंद खळ्यावरून झालीय. आवडाबाईंच्या अंगठ्याने."

"आवडाबाई, जरा फोन उघडा."

खळ्यावरून आणलेल्या फोनच्या काचेवर म्हातारीने उजवा अंगठा ठेवला. फोन नुसता थरथरला. पुन्हा ठेवला, पदराला पुसून ठेवला. उघडला नाही.

"आनंदीबाई, आता तुम्ही."

आनंदीबाईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या, फोनजवळ आल्या आणि बोट टेकवलं. फोन उघडला.

शेडमध्ये कुजबुज झाली. सलिल खुर्चीतून अर्धवट उठला.

"बसा, दांडेकर. त्या शुक्रवारी बारा ते चार अलिबागला मंचावर होत्या, फोटो आहे. बोला आनंदीबाई. सकाळपासून हेच गिळून बसलाय."

"तिचा अंगठा पहिल्या दिवशीच लागला न्हाय," आनंदीबाई म्हणाल्या. "मॅडम म्हणाल्या, तुमचं बोट लावून ठेवू, कुणाला सांगू नका, नियमात बसत न्हाय. रोज सकाळी तिची माळ झाली की मीच बोट लावते. हे सांगितलं असतं तर करार मोडला असता न चोर मीच ठरले असते. मला वाटलं, माझ्या एकटीच्या बोटाने उघडतो हा." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तरी मी बाईंकडे गेले. हिचं नाव जाताना बघवलं न्हाय."

"त्या माझ्याकडे आल्या, म्हणून तर मला त्यांच्यावर संशय घेता आला नाही," नीराबाई मास्तरांना म्हणाल्या. मग सगळ्यांकडे वळल्या. "अंगठा लागत नाही, हे ज्या दिवशी फोन लावला त्याच दिवशी कळलं होतं. आणि मला सकाळी सांगितलं गेलं, एकीचंही अडलं नाही. ते खोटं ऐकलं तेव्हा मी विचार केला. नवा फोन अंगठा घेत नसेल, तर लावून देणारा माणूस पहिल्यांदा काय करतो? फोन बिघडलाय का ते बघायला स्वतःचं बोट लावून पाहतो. आणि ते काढायचं राहून जातं."

मग त्या निवेदिताशी बोलल्या, पण आवाज चढवला नाही. "त्या आठवड्यात दव पडलं नाही. माळा विणल्याच गेल्या नाहीत. एकशे अडुसष्ट झाल्या. तुझ्या तक्त्यावर मात्र दोनशे. सोळा फोनांपैकी तुझ्या बोटाने उघडणारा एकच होता, म्हणून सगळ्या बत्तीस या एकाच म्हातारीच्या नावावर. नोंद खळ्यावरच व्हावी लागते, म्हणून तू दुपारी तिथे गेलीस, ती निजली होती तेव्हा. कंपनीची मुलगी खळ्यावर आली तर कोण विचारणार? भल्या पहाटे माळा विणणाऱ्या गावात दुपारी अडीचची नोंद कुणी खरी मानली नसती. पण ती गावात कुणी वाचतच नाही. आणि मुंबईत दव माहीत नाही."

निवेदिता उठली. कोणी सांगितलं नव्हतं. ती फोनपाशी येऊन बसली आणि तिने उजव्या हाताची तर्जनी काचेवर ठेवली. फोन उघडला.

"मला वाटलं, एकाच आठवड्याचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात भरून निघेल. तुकारामकाका मला आधीच म्हणाले होते, माळा कमी येतील म्हणून. मी म्हटलं, मी बघते." ती आवडाबाईंकडे बघू शकत नव्हती. "तुमचं नाव जाईल असं मनात नव्हतं, आजी. कांदा ओळखतील असंच वाटलं नव्हतं."

"कांदा न ओळखायला काय झालं," आवडाबाई म्हणाल्या. त्या खरोखर बुचकळ्यात पडल्या होत्या. "अगं, पण दव पडलं न्हाय तर न्हाय पडलं. त्यात लाजायचं काय व्हतं? तू सांगायचं होतंस त्यांना. आम्हाला सांगितलं असतंस तर आम्हीच सांगितलं असतं."

सलिल उठून फळ्यापाशी गेला. खडूने लिहिलेला आकडा त्याने वाचला.

"हा फळा गेले सहा आठवडे इथेच आहे?" त्याने विचारलं.

"आजोबांच्या वेळचा हाय," तुकाराम म्हणाला.

"आणि मी लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर केलं." तो हसला नाही. "निवेदिता, तुझं काय करायचं ते उद्या बोलू. आनंदीबाई, तुमचंही चुकलं."

"चुकलं," आनंदीबाई म्हणाल्या. "पण तुमचा नियमबी चुकीचा होता. अंगठा नसलेल्या बाईने काय करायचं, ते त्यात लिहिलंच न्हाय."

सलिलने ते कागदावर लिहून घेतलं. मास्तरांना तो माणूस तेवढ्यापुरता आवडला. बोलणं पुढे सरकलं. नोंदीत आता अंगठ्याऐवजी माळेच्या विणीचा फोटो घ्यावा असं ठरलं, कारण सोळा जणींच्या सोळा तऱ्हा, आणि तुकारामचा फळा दर शुक्रवारी कंपनीला पाठवावा. पण त्याआधी गिऱ्हाइकांना पत्र जायला हवं होतं.

सलिलने ते तिथेच लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. गेल्या आठवड्यात दव पडलं नाही. माळा एकशे अडुसष्टच झाल्या. उरलेल्या बत्तीस आमच्या कार्यालयाने बाहेरून भरल्या. चूक विणणारीची नाही. खाली कंपनीतर्फे त्याची सही.

"संस्थेतर्फे सही कुणाची? अध्यक्षांची?"

"माझी नको," आनंदीबाई म्हणाल्या. "हिची घ्या."

सलिलने शाईचं पॅड काढलं आणि आवडाबाईंपुढे सरकवलं. आवडाबाईंनी ते परत त्याच्याकडे सरकवलं.

"अंगठा नको. अंगठ्यानं झालं तेवढं पुरं."

त्यांनी मास्तरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं, डाव्या हातात धरलं आणि कागदावर वाकल्या. एकेक अक्षर लिहायला वेळ लागत होता. सोळाही जणी, खुर्चीवरची माणसं, दारातला अदनान, सगळे वाट बघत होते. 'आवडाबाई' लिहून झाल्यावर त्यांनी कागद लांब धरून नीट पाहिला.

"हेबी मुंबईत वाचतील ना?" त्यांनी विचारलं.

"सगळे वाचतील," सलिल म्हणाला.

मग त्यांनी साडीच्या टोकातली चिठ्ठी सोडली आणि ती देव्हाऱ्यात परत ठेवायला त्या घरी गेल्या. पेन त्यांच्याबरोबरच गेलं. मास्तरांनी ते मागितलं नाही.